चाचणी कोणाची?

परीक्षा हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर विद्यार्थी उभा राहतो. प्रश्नपत्रिका त्याच्यापुढे, उत्तरे त्याची, गुण त्याचे आणि यशापयशाची जबाबदारीही त्याचीच. निकालाच्या दिवशी ‘पास की नापास?’ हा प्रश्न मुलाला विचारला जातो. त्याच्या शाळेला, पाठ्यपुस्तकाला किंवा शिक्षण खात्याला तो सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक पाहता प्रत्येक उत्तरपत्रिका दोन गोष्टी सांगत असते. विद्यार्थ्याला काय आले, ही पहिली. आणि त्याला काय नीट शिकवले गेले नाही, ही दुसरी. पहिली गोष्ट आपण आवर्जून वाचतो. दुसरी वाचण्याची सवय फार थोड्या ठिकाणी लागलेली आहे.

ही दुसरी गोष्ट वाचण्याचा मोठ्या प्रमाणावरील प्रयत्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सार्वजनिक शाळांमध्ये झाला. त्यात काही चांगले निष्पन्न झाले आणि काही अनर्थही ओढवले. दोन्हींपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांचे नियमित शालेय शिक्षण कोठेतरी खंडित झाले असेल. म्हणूनच चाचणी नेमकी कोणाची असते, हा प्रश्न तुमच्या जवळचा आहे.

शालेय जिल्हा म्हणजे काय?

आपल्याकडे जिल्हा म्हटले की जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, न्यायालय असा सारा कारभार आठवतो. अमेरिकेतील ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ किंवा शालेय जिल्हा ही त्याहून निराळी गोष्ट आहे. केवळ शाळा चालवण्यासाठी निर्माण झालेली ती एक स्थानिक संस्था असते. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. त्यामुळे हा विषय घटक राज्यांकडे आला आणि बहुतेक राज्यांनी तो स्थानिक संस्थांकडे सोपवला. संपूर्ण देशात असे सुमारे १३,००० शालेय जिल्हे आहेत. न्यू यॉर्क शहराच्या जिल्ह्यात लाखो विद्यार्थी शिकतात, तर ग्रामीण भागातील एखाद्या जिल्ह्यात केवळ दोन-तीन शाळा असतात. हवाई राज्यात तर सर्व सार्वजनिक शाळा मिळून एकच जिल्हा होतो.

बहुतेक जिल्ह्यांत स्थानिक मतदारांनी निवडलेले शिक्षण मंडळ असते. हे मंडळ एका अधीक्षकाची नेमणूक करते आणि शाळांचा कारभार त्याच्या हाती देते. शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो, उरलेला राज्याकडून, आणि तुलनेने लहान वाटा संघराज्याच्या सरकारकडून. साहजिकच तिघेही जण विचारतात, ‘आमच्या पैशातून मुले काय शिकली?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी जिल्ह्याला चाचण्यांचा आधार घ्यावा लागतो.

लेखी परीक्षेची सुरुवात

ही चौकशी नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अमेरिकेतील शाळांत परीक्षा मुख्यतः तोंडी असे. पाहुणे मंडळी वर्गात येत, चार-दोन मुलांना प्रश्न विचारत आणि समाधानाने परत जात. १८४५ साली बोस्टन शहराच्या शालेय समितीने निवडक विद्यार्थ्यांना छापील प्रश्न देऊन लेखी उत्तरे मागवली. सर्वांना एकच प्रश्न, सर्वांना सारखाच वेळ, आणि उत्तर कागदावर कायम राहिलेले. निकाल निराशाजनक लागला. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचे सचिव होरेस मान यांनी या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला. तथापि, त्या सुमारास मान आणि बोस्टनचे मुख्याध्यापक यांच्यात तीव्र वाद चालू होता आणि हा निकाल त्या वादातील एक शस्त्र ठरला. मुलांच्या अडचणी समजून घेणे आणि मोठ्यांना जाब विचारणे, हे लेखी परीक्षेचे दोन हेतू असे पहिल्यापासूनच एकमेकांत गुंतलेले आहेत.

वर्षभरातील चाचण्या

आजच्या शालेय जिल्ह्यात एकच एक परीक्षा नसते. निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या चाचण्या असतात.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत लहान इयत्तांतील मुलांची वाचनचाचणी होते. शिक्षिका मुलाला एक उतारा देते आणि एक मिनिट मोठ्याने वाचायला सांगते. त्या मिनिटात किती शब्द बरोबर वाचले गेले, एवढेच मोजायचे. येथे पास-नापास नाही. कोणत्या मुलाला मदत लागेल, हे वेळीच कळावे म्हणून केलेली ही चाळणी असते. अनेक जिल्हे ती वर्षातून तीनदा करतात, म्हणजे मुलाची वाटचालही समजते.

दुसरा प्रकार रोजच्या अध्यापनात मिसळलेला असतो. छोटे प्रश्न, स्वाध्याय, वहीतील उदाहरणे यांवरून शिक्षक उद्याचा पाठ ठरवतो. महाराष्ट्रातील शाळांत यालाच आकारिक मूल्यमापन म्हणतात. तिसरी चाचणी राज्याची. ती बहुधा वसंत ऋतूत, वर्ष संपत आले असता होते आणि अपेक्षित अभ्यासक्रमापैकी किती साध्य झाले, हे सांगते. हे झाले संकलित मूल्यमापन.

काही चाचण्या विशेष गरजांसाठी असतात. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलली जात नाही, अशा मुलांची इंग्रजी भाषेची चाचणी दरवर्षी होते. आपल्याकडून तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांतील काही मुलेही तिला बसतात. अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाविषयी १९७५ साली कायदा झाला. त्याला अनुसरून पालकांची संमती घेऊन मुलाची सविस्तर तपासणी केली जाते आणि त्याच्यासाठी स्वतंत्र शैक्षणिक आराखडा लिहिला जातो.

या सर्वांहून वेगळी अशी एक राष्ट्रीय पाहणी १९६९ पासून चालू आहे. तिच्यासाठी सर्वच मुलांची परीक्षा घेत नाहीत. नमुन्यादाखल काही शाळा आणि त्यांतील काही मुले निवडतात. प्रत्येक मूल प्रश्नांचा एक भागच सोडवते. कोणाही मुलाचे वा शाळेचे गुण जाहीर होत नाहीत. देशाचे, राज्याचे आणि २००२ पासून काही मोठ्या शहरी जिल्ह्यांचे चित्र तेवढे समजते.

चुकीचे उत्तर काय सांगते?

या चाचण्यांचा उपयोग कसा होतो, हे एका साध्या उदाहरणाने पाहू. समजा, पाचवीच्या वर्गाला विचारले, ‘एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती?’ बरोबर उत्तर पाच षष्ठांश. परंतु वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी दोन पंचमांश असे लिहिले. ही मुले निष्काळजी होती काय? नाही. त्यांनी अंशात अंश मिळवला आणि छेदात छेद. सर्वांची चूक एकच आहे, म्हणजे तिच्यामागे एक विचार आहे. अपूर्णांक म्हणजे एका वस्तूचे भाग, ही कल्पनाच त्यांच्या मनात रुजलेली नाही. एक द्वितीयांशात काही मिळवले, तर उत्तर त्याहून लहान कसे येईल, ही शंकाही त्यामुळे त्यांना आली नाही. येथे दोन गुण कापून भागत नाही. तो पाठच पुन्हा, वेगळ्या रीतीने शिकवावा लागतो. आणि हीच चूक जिल्ह्यातील बहुतेक शाळांत आढळली, तर पाठ्यपुस्तकातील त्या प्रकरणाकडे किंवा शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे लक्ष द्यावे लागते.

म्हणून पुष्कळ शाळांत शिक्षक ठरावीक काळाने एकत्र बसतात आणि निकालांवर चर्चा करतात. बहुसंख्य मुले अडखळली असतील तर अध्यापन बदलायचे. काही मुले मागे पडली असतील तर त्यांना लहान गटात जादा शिकवायचे. एखाद्या मुलाची अडचण त्यानेही दूर होत नसेल तर त्याला एकट्याला मदत द्यायची. काही आठवड्यांनी पुन्हा छोटी चाचणी घेऊन मदतीचा उपयोग झाला की नाही, ते पाहायचे. या साखळीतील पुढची कडी तुटली, म्हणजे चाचणी झाली पण मदत मिळाली नाही, तर ती चाचणी व्यर्थ गेली असे समजावे.

सरासरीच्या आड

जिल्ह्याच्या पातळीवर आकडे एकत्र केले जातात, तेव्हा एक धोका संभवतो. समजा, एका शाळेत १०० विद्यार्थी आहेत. त्यांपैकी ८० सुस्थितीतील घरांतले. त्यांच्यापैकी ९० टक्के, म्हणजे ७२ जण, अपेक्षित पातळी गाठतात. उरलेले २० गरीब वस्तीतील. त्यांच्यातील केवळ ४० टक्के, म्हणजे ८ जण, ती पातळी गाठतात. शाळेचा एकूण निकाल लागतो ८० टक्के! सारे समाधानी. मात्र गरीब वस्तीतील २० पैकी १२ मुले मागे राहिली, हे त्या आकड्यात कोठेच दिसत नाही.

हे झाकलेले उघडे करण्याचे मोठे काम ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्याने केले. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ८ जानेवारी २००२ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. तिसरी ते आठवी या प्रत्येक इयत्तेत आणि पुढे माध्यमिक शाळेत एकदा, वाचन आणि गणित यांची चाचणी अनिवार्य झाली. निकाल गटवार जाहीर करणे बंधनकारक झाले. वंश, गरिबी, अपंगत्व, इंग्रजीचे ज्ञान यांनुसार प्रत्येक गटाचा निकाल वेगळा मांडला जाऊ लागला. एखाद्या गटात फारच थोडी मुले असतील तर तो आकडा छापत नाहीत, कारण त्यावरून विशिष्ट मुलाची ओळख पटू शकते. वर्षानुवर्षे सरासरीच्या आड लपलेली मुले या कायद्यामुळे सर्वांना दिसू लागली.

माप बिघडते तेव्हा

परंतु याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली. २०१३-१४ पर्यंत देशातील प्रत्येक मूल प्रावीण्याची पातळी गाठेल, असे उद्दिष्ट ठरवण्यात आले. दरवर्षी ठरलेली मजल न मारणाऱ्या शाळांवर टप्प्याटप्प्याने कारवाई व्हायची होती. मुलांना दुसऱ्या शाळेत जाण्याची मुभा देण्यापासून शाळेची पुनर्रचना करण्यापर्यंत तिची मजल होती. चाचणी आता मुलाइतकीच शिक्षकाचीही झाली.

याचे परिणाम हळूहळू दिसू लागले. चाचणीत नसलेले विषय, म्हणजे इतिहास, कला, संगीत, यांचा वेळ अनेक ठिकाणी कमी झाला. उत्तीर्णतेच्या रेषेच्या किंचित खाली असलेल्या मुलांवर काही शाळांनी सारे लक्ष केंद्रित केले, कारण तीच मुले थोड्या श्रमात आकडा वाढवू शकत होती. फार मागे असलेले मूल कितीही पुढे आले, तरी रेषा ओलांडीपर्यंत त्याची प्रगती हिशेबात धरली जात नव्हती.

सर्वांत दुःखद प्रकार जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहराच्या शालेय जिल्ह्यात घडला. तेथील मुलांचे गुण झपाट्याने वाढत होते आणि त्याबद्दल देशभर कौतुक होत होते. स्थानिक वृत्तपत्राला या वाढीविषयी शंका आली. उत्तरपत्रिका पेन्सिलीने भरायच्या असत. त्यामुळे पुसून बदललेल्या उत्तरांच्या खुणा यंत्राला मोजता येत होत्या. काही वर्गांत चुकीचे उत्तर पुसून बरोबर केल्याच्या खुणा अविश्वसनीय संख्येने आढळल्या. राज्यपालांनी चौकशी नेमली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने २००९ च्या चाचणीत ४४ शाळांमध्ये गैरप्रकार झाल्याचा निष्कर्ष काढला आणि १७८ शिक्षक व मुख्याध्यापक यांच्यावर ठपका ठेवला. पुढे खटला चालला आणि एप्रिल २०१५ मध्ये ११ जणांना दोषी ठरवण्यात आले.

या प्रकरणात शिक्षा झालेल्या मोठ्या माणसांची चर्चा पुष्कळ झाली. पण खरी हानी कोणाची झाली? ज्या मुलाला वाचता येत नव्हते, त्याच्या कागदावर ‘वाचता येते’ असे उमटले. परिणामी त्याला मिळायला हवी असलेली जादा शिकवणी मिळाली नाही. ते मूल पुढच्या वर्गात गेले, आणि त्याची अडचणही त्याच्याबरोबर गेली. त्या मुलाच्या हिताची म्हणून घेतलेली चाचणी मोठ्यांच्या अब्रूची झाली आणि मूल तिच्यातून वगळले गेले.

डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच याविषयी सावध केले होते. एखाद्या आकड्यावर जितके महत्त्वाचे निर्णय अवलंबून ठेवावेत, तितका तो आकडा बिघडत जातो आणि ज्या कामाचे मोजमाप करायचे ते कामही बिघडवतो, असे त्याच्या म्हणण्याचे सार आहे. आपल्या अंगणवाडीचे उदाहरण घ्या. सेविका दरमहा मुलांची वजने घेते आणि तक्त्यावर नोंदवते. वजन कमी भरले तर पोषण आहार आणि औषधोपचार यांची व्यवस्था करता येते. पण कमी वजनाची मुले अधिक दिसली म्हणून सेविकेलाच दंड होऊ लागला तर? तक्त्यावरचे वजन वाढेल, मूल मात्र कृशच राहील.

सुधारणा आणि मर्यादा

चाचण्या बंद करणे हा यावरचा उपाय नव्हता. तसे केले असते तर सरासरीच्या आडची मुले पुन्हा दिसेनाशी झाली असती. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी १० डिसेंबर २०१५ रोजी स्वाक्षरी केलेल्या नव्या कायद्याने वार्षिक चाचण्या आणि गटवार निकाल कायम ठेवले. मात्र मागे पडलेल्या शाळेबाबत काय करायचे, याचा निर्णय बऱ्याच अंशी राज्यांवर आणि जिल्ह्यांवर सोपवला. चाचणीच्या गुणांखेरीज इतरही बाबी, उदाहरणार्थ विद्यार्थ्यांची दीर्घकालीन गैरहजेरी, विचारात घेण्यास वाव मिळाला.

मुलांच्या प्रगतीकडेही आता अधिक लक्ष दिले जाते. एका शाळेची सरासरी वर्षभरात ७० वरून ७४ झाली आणि दुसरीची ४० वरून ५२, असे समजू. केवळ अंतिम आकडा पाहिला तर पहिली शाळा चांगली. पण मुलांना अधिक पुढे नेले ते दुसऱ्या शाळेने. पहिलीच्या यशात घरातील पुस्तके, पालकांचे शिक्षण आणि पोटभर अन्न यांचाही वाटा असू शकतो. शिवाय कोणत्याही चाचणीत थोडाफार चढ-उतार असतोच. तेच मूल दुसऱ्या दिवशी बसले तर त्याचे गुण काहीसे कमी-जास्त येतील. म्हणून एका दिवसाच्या एका चाचणीवरून मुलाचे भवितव्य ठरवू नये.

आकड्याचा योग्य उपयोग कसा होतो, हे करोना महासाथीनंतर दिसून आले. २०२० च्या वसंतात वार्षिक चाचण्यांना सर्व राज्यांत सूट देण्यात आली. पुढे २०२२ ची राष्ट्रीय पाहणी झाली, तेव्हा २०१९ च्या तुलनेत आठवीच्या गणिताची सरासरी ८ गुणांनी आणि चौथीची ५ गुणांनी घसरल्याचे आढळले. या गुणांवरून कोणाला पास-नापास करायचे नव्हते. त्यामुळे ते लपवण्याचे कोणालाही कारण नव्हते. शाळा बंद राहिल्याची किंमत मुलांनी किती मोजली, हे देशाला स्पष्टपणे कळले.

आपल्यासाठी बोध

आपल्या देशातही या दिशेने विचार झाला आहे. २००५ पासून ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ या पाहणीत स्वयंसेवक ग्रामीण भागातील घरोघरी जातात आणि मुलांना सोपा उतारा वाचायला व साधे गणित करायला देतात. तेथे कोणाला गुणपत्रक मिळत नाही. पण पाचवीतील किती मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो, हे देशापुढे येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. मात्र त्याआधी जादा शिकवणी आणि फेरपरीक्षेची संधी देणे आवश्यक ठरवले. मागे ठेवावे की नाही, यावर आपल्याकडे बराच वाद झाला. त्या मधल्या शिकवणीत नेमके काय घडते, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. वस्तुतः मुलाचे हित त्या शिकवणीवर अवलंबून आहे.

मुक्त विद्यालयाच्या व्यवस्थेत विद्यार्थ्याला पाच वर्षांच्या मुदतीत नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण जमा राहतात. एका दिवसाचा निकाल म्हणजे माणसाचा निकाल नव्हे, हे तत्त्व त्यामागे आहे. स्वाध्यायाच्या कागदावर शिक्षकाने केलेल्या खुणाही याच दृष्टीने वाचाव्यात. त्या पुढच्या अभ्यासाची दिशा दाखवतात.

यापुढे कोणाचेही गुणपत्रक हाती आले, मग ते तुमचे असो, तुमच्या मुलाचे असो वा गावातील शाळेचे, तर तीन प्रश्न अवश्य विचारा. हे मोजमाप कशासाठी केले? यात कोण दिसत नाही? आणि हे समजल्यानंतर कोणी काय करणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे आहे, चाचणी त्याचीही असते.